एक साचा, हजारो रुग्ण : दवाखान्याचे पत्र कसे तयार होते आणि मराठीत ते कुठे अडते

तपासणीला बोलावणारे, रक्ताचा अहवाल कळवणारे किंवा बाळाच्या लसीची आठवण करून देणारे पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या घरांत आता नवलाचे राहिलेले नाही. मोठी रुग्णालये, धर्मादाय संस्था, नेत्रशिबिरे भरवणारी मंडळे आणि रक्तपेढ्या अशी पत्रे गठ्ठ्याने काढतात. मात्र पत्र हातात पडल्यावर पुष्कळदा वाचणारा अडखळतो. नावाच्या जागी 'प्रिय ((नाव))' असे कंसच छापून आलेले असतात, तारखेच्या जागी ४५७५० असा न उलगडणारा आकडा असतो, साळोखे यांचे 'सलोखे' झालेले असते, आणि 'पन्हाळाला या' हे वाक्य तर कुठल्याच पन्हाळकराच्या तोंडी कधी आलेले नसते. चूक कारकुनाची की संगणकाची, असा प्रश्न मग विचारला जातो. बहुतेक वेळा दोष त्या दोघांच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे पत्राचा साचा तयार करताना राहून गेलेला असतो आणि तिथेच तो दुरुस्तही करता येतो.

साचा म्हणजे नेमके काय

पत्रातला कायमचा मजकूर आणि प्रत्येकासाठी बदलणाऱ्या रिकाम्या जागा मिळून जो नमुना तयार होतो, त्याला साचा म्हणतात. बदलणारी माहिती एका तक्त्यात असते. तक्त्याच्या एका ओळीत एक रुग्ण असतो आणि प्रत्येक रकान्यात त्याच्याविषयीची एक बाब असते, जसे नाव, गाव, पिन कोड, तपासणीची तारीख. साचा आणि तक्ता एकत्र आणून प्रत्येक ओळीमागे एक पत्र तयार करण्याच्या क्रियेला कार्यालयांत 'मेल मर्ज' म्हणतात. ब्रिटनमध्ये सरकारी खात्यांसाठी 'नोटिफाय' नावाची जी सेवा चालते, तिच्यात रिकामी जागा दुहेरी गोल कंसात लिहिण्याची पद्धत आहे. तीच या लेखात वापरली आहे.

आपल्याकडे हे काम फार जुने आहे. छापखान्यातून लग्नपत्रिका येतात तेव्हा त्यांच्यावर 'श्री. ............ यांस' अशी जागा कोरी ठेवलेली असते आणि घरातले कुणीतरी यादी समोर घेऊन एकेक नाव लिहीत बसते. मेल मर्ज हेच करते, पण एक फार मोठा फरक आहे. हाताने नावे लिहिणारी व्यक्ती लिहिता लिहिता विचारही करते. यादीतले कुणी गेल्या महिन्यात वारले असतील तर ती पत्रिका बाजूला ठेवते, पत्ता अपुरा वाटला तर विचारून घेते, नावाआधी 'सौ.' लिहायचे की 'श्रीमती' हे तिला ठाऊक असते. संगणक रकान्यात जे असेल ते उचलतो आणि ठेवतो. म्हणून तो हात जेवढे तारतम्य दाखवत होता, तेवढे सगळे तारतम्य साचा करणाऱ्याने आधीच, पहिले पत्र छापण्यापूर्वी, साच्यात घालून ठेवावे लागते. या कामातली सगळी अवघड बाजू एवढ्या एका गोष्टीतून निघते.

एवढ्याशा पत्राला इतके महत्त्व कशासाठी

कारण आरोग्यसेवेत पत्र ही उपचाराची पहिली पायरी असते. इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये असे उघडकीस आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसंबंधीची पत्रे ४० हजारांहून अधिक महिलांना गेलीच नव्हती. बहुतेकींना तपासणीचे बोलावणे किंवा आठवणपत्र मिळाले नव्हते आणि काहींचा निकालच पोचला नव्हता. त्याआधी २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले होते की रुग्णांशी संबंधित टपालाचे सुमारे ७ लाख ९ हजार नग योग्य ठिकाणी न पोचता पडून राहिले होते. हे दोन्ही प्रकार साच्याच्या मजकुराचे नसून पत्रे पाठवण्याच्या व्यवस्थेचे होते. पण पत्र पोचले आणि वाचणाऱ्याला तारीखच समजली नाही, तर रुग्णापुरता परिणाम तोच होतो. गगनबावड्याच्या एखाद्या वाडीवरून माणूस रोजगार बुडवून, एसटी पकडून कोल्हापूरला येतो आणि खिडकीवर त्याला 'तुमची तारीख काल होती' असे ऐकावे लागते, तेव्हा त्या पत्राने त्याचे नुकसानच केलेले असते.

मराठीत नाव वाक्यात सहज का बसत नाही

बहुतेक प्रणाली इंग्रजी पत्रे डोळ्यासमोर ठेवून घडवलेल्या असतात आणि इंग्रजीत नाव वाक्यात कुठेही ठेवले तरी त्याचे रूप बदलत नाही. मराठीत प्रत्यय लागताच शब्दाचे अंगच बदलते. 'पाटील'चे 'पाटलांना' होते, 'आजरा'चे 'आजऱ्याला', 'पन्हाळा'चे 'पन्हाळ्याला', आणि खुद्द 'कोल्हापूर'मधला दीर्घ ऊकार 'कोल्हापुरात' म्हणताना ऱ्हस्व होतो. साच्यात '((गाव))ला' असे लिहून ठेवले की इचलकरंजी, गारगोटी आणि गडहिंग्लज ठीक निघतात, मात्र पन्हाळा, आजरा आणि गगनबावडा बिघडतात. चाचणी करणाऱ्याने नमुन्यादाखल इचलकरंजीचा रुग्ण घेतला असेल, तर त्याला चूक दिसतच नाही.

सर्वांत वाईट उदाहरण तारखेचे आहे. साच्यात '((तारीख))ला तपासणीसाठी या' असे वाक्य आहे. ३ एप्रिल घातले तर '३ एप्रिलला' निघते आणि कुणालाच काही खटकत नाही. महिना बदलतो, तोच साचा पुन्हा वापरला जातो, आणि पत्रावर छापून येते, '५ मेला तपासणीसाठी या'. दवाखान्याच्या पत्रात, आजाराच्या धास्तीत असलेल्या घरात हा शब्द कसा वाचला जाईल, याची कल्पना करावी.

उपाय साधा आहे आणि तो लग्नपत्रिकेतल्या त्या 'यांस'मध्येच दडलेला आहे. नाव मूळ रूपात ठेवावे आणि प्रत्यय त्याच्यामागून येणाऱ्या वेगळ्या शब्दाला लावावा. '((नाव)) यांना', '((नाव)) यांच्या अहवालानुसार', '((गाव)) येथे', '((तारीख)) रोजी' या रचनांत कोणतेही नाव, कोणतेही गाव आणि कोणताही महिना बसतो. 'यांना' हा शब्द पुरुषाला चालतो तसाच बाईलाही चालतो, आणि आदरही राखतो. काही जणांना ही भाषा कोरडी, कचेरीतली वाटते. त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही. म्हणून अशा रचना पत्राच्या वरच्या भागापुरत्या ठेवाव्यात आणि पुढचा मजकूर थेट 'तुम्ही' म्हणून लिहावा.

'तुम्ही'चा आणखी एक फायदा आहे. 'रुग्ण दाखल झाला होता' की 'झाली होती', हा प्रश्न तृतीय पुरुषात पावलोपावली येतो. 'तुम्ही आमच्याकडे तपासणीसाठी आला होतात' हे वाक्य स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडते. 'डॉ. ((नाव)) तुम्हाला तपासतील' यात डॉक्टर स्त्री आहेत की पुरुष हे संगणकाला माहीत असण्याची गरज उरत नाही. लसीकरणाच्या पत्रात 'तुमच्या मुलाला' किंवा 'मुलीला' असे दोन साचे करण्यापेक्षा 'तुमच्या बाळाला' लिहावे. संख्येचेही तसेच आहे. '((संख्या)) गोळ्या घ्या' या वाक्यात १ आला की ते मोडते; 'एका वेळी घ्यायच्या गोळ्यांची संख्या : ((संख्या))' असे लिहिले की मोडत नाही. पत्रात सरसकट 'आपण' लिहिणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. 'आपण' म्हणजे वाचणारा की 'आपण सगळे', असा घोटाळा उपचारांच्या सूचनांमध्ये होऊ शकतो, त्यामुळे 'तुम्ही' हा शब्द तिथे जास्त सुरक्षित आहे आणि आपल्याकडे तो पुरेसा आदराचाही आहे.

रकान्यात जे भरले तेच बाहेर येते

सुरुवातीला आलेला ४५७५० हा आकडा म्हणजे ३ एप्रिल २०२५ ही तारीख आहे. तक्ते करण्याचा एक्सेल हा कार्यक्रम तारीख साठवताना १९०० सालापासून दिवस मोजून त्यांचा क्रमांक ठेवतो आणि आपल्याला मात्र ती तारखेसारखी दाखवतो. मेल मर्जच्या वेळी तो वरचा पोशाख गळून पडला, की आतला क्रमांक पत्रावर उतरतो. दुसरा धोका याहून वाईट, कारण तो दिसत नाही. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की अमेरिकी पद्धतीने ४ मार्च, हे पत्र वाचणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नसतो. तारीख नेहमी अक्षरी महिन्यासह आणि वारासह लिहावी, जसे '३ एप्रिल २०२५, गुरुवार'. वार हाताने टंकू नये, संगणकाकडून काढून घ्यावा. तारीख आणि वार जुळत नसले की रुग्ण त्यातल्या एकावर विश्वास ठेवतो आणि तो नेमका कशावर ठेवेल हे सांगता येत नाही.

एक्सेलचा मदत करण्याचा उत्साह इतर रकान्यांनाही नडतो. नोंदणी क्रमांक ००४५१२ असेल तर पुढची शून्ये गळून ४५१२ उरतो. रुग्णाच्या डिजिटल आरोग्य खात्याचा 'आभा' क्रमांक १४ अंकी आहे, आणि इतका लांब आकडा साध्या रकान्यात टाकला की तो संक्षिप्त शास्त्रीय रूपात, मधे अधिक चिन्ह घेऊन दिसू लागतो. घर क्रमांक ८/१२ लिहिला तर त्याची तारीख होऊन बसते. हे सगळे टाळण्यासाठी माहिती भरण्याआधीच हे रकाने 'मजकूर' या प्रकारात बदलून ठेवावेत. नंतर बदलल्याने गळलेली शून्ये परत येत नाहीत.

नावांची गोष्ट अधिक नाजूक आहे. बऱ्याच रुग्णालयांत केसपेपर काढताना नाव रोमन लिपीत भरले जाते आणि पत्र मराठीत हवे म्हणून संगणक त्याचे देवनागरी रूप करतो. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांच्यात फरकच राहत नाही. त्यामुळे साळोख्यांचे सलोखे होतात, आणि कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या 'पोवार' लिहिणाऱ्या घरांना 'पवार' म्हणून पत्र जाते. पन्हाळा तालुक्यातले कळे हे गाव आणि काळे हे आडनाव रोमन लिपीत हुबेहूब सारखे दिसते. यावर यंत्राचा तोडगा शोधत बसण्यापेक्षा नोंदणीच्या खिडकीवरच मराठी नावाचा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि रुग्णाला ते वाचून दाखवून खात्री करून घ्यावी. आपले नाव चुकीचे छापलेले पाहून माणसाला पहिली शंका येते ती हीच, की हे पत्र आणि हा अहवाल खरोखर आपलाच आहे का.

पत्त्यासाठी एकच मोठा रकाना ठेवण्याची सवय सोडावी. ग्रामीण पत्त्यात मुक्काम आणि पोस्ट ही दोन वेगळी ठिकाणे असू शकतात, शहरात वॉर्ड, पेठ, वसाहत आणि गल्ली यांपैकी काय असेल ते सांगता येत नाही. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून वापरात आहे, पण त्याच्या पहिल्या तीन अंकांवरून जिल्हा आपोआप भरण्याचा सोपा मार्ग इथे फसतो, कारण ४१६ हे अंक कोल्हापूरप्रमाणे सांगली शहराच्या आणि सावंतवाडीच्या पिनमध्येही आहेत. काही रकाने रिकामे असतील तर त्या ओळी पत्रात मोकळ्या न राहता वर सरकतील, अशी सोय साच्यात करून घ्यावी.

अक्षरे का फुटतात

'कि' हे अक्षर आपल्याला आधी वेलांटी आणि मग क असे दिसते. संगणकात मात्र आधी क आणि मागून वेलांटी साठवलेली असते. छापताना वेलांटी उचलून पुढे आणणे, जोडाक्षरे जोडणे, रफार योग्य अक्षरावर चढवणे हे काम एक वेगळा कार्यक्रम करतो. पीडीएफ तयार करणाऱ्या काही जुन्या प्रणालींत तो नसतो, आणि मग पडद्यावर अगदी शुद्ध दिसणारा मजकूर कागदावर वेलांट्या सुटलेल्या अवस्थेत येतो. साचा तपासताना 'आजऱ्याच्या', 'हृदयरोग', 'दृष्टी', 'राष्ट्रीय', 'हिमोग्लोबिन' हे शब्द त्याच छपाईयंत्रावर, त्याच मार्गाने छापून पाहावेत. हे पाच शब्द धड आले तर बाकीचे सहसा येतात.

दुसरे कारण जुन्या फाँटचे आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले होते, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन उघडते. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या समान संगणकीय पद्धतीत देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ स्वतंत्र जागा राखून ठेवल्या आहेत, म्हणून युनिकोडमधला मजकूर फाँट बदलला तरी मराठीच राहतो. जुने साचे कितीही देखणे असले तरी ते एकदा युनिकोडमध्ये आणून, मूळ प्रत समोर ठेवून, शब्दशः वाचून घेणे भाग आहे. रूपांतर करणारी साधने जोडाक्षरांत चुका करतात. शक्य असेल तिथे मराठी वळणाचे ल आणि श असलेला फाँट घ्यावा. अक्षराचा आकार १४ पॉइंटच्या खाली आणू नये असे माझे मत आहे, कारण अशा पत्रांचे वाचक बहुतांशी वयस्कर असतात. ओळींमधले अंतरही इंग्रजी पत्रापेक्षा जास्त लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो.

कागद, घडी आणि पाकिटाची खिडकी

ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा असतो. घडी घालून त्याचे तीन सारखे भाग केले की प्रत्येक भाग ९९ मिलिमीटरचा होतो आणि तो ११० × २२० मिलिमीटरच्या लांबट पाकिटात जातो. याचा अर्थ पाकिटात कागदाला दोन्ही दिशांना साधारण एक सेंटीमीटर हलायला जागा उरते. पत्ता दिसण्यासाठी पाकिटाला पारदर्शक खिडकी असेल तर पत्त्याच्या चारही बाजूंना निदान तेवढी जागा कोरी हवी, नाहीतर कागद सरकताच पत्त्याखालची 'विषय : क्षयरोग तपासणी' ही ओळ टपाल वाटणाऱ्याला आणि शेजाऱ्यांना वाचता येते. पत्राच्या वरच्या टोकापासून ९९ आणि १९८ मिलिमीटरवर घडी पडते, तेव्हा तारीख आणि फोन नंबर त्या रेषांवर येऊ देऊ नयेत. रुग्ण हा कागद महिनाभर घडी करून खिशात बाळगतात आणि घडीवरची शाई सर्वांत आधी उडते.

गोपनीयतेचा मुद्दा खिडकीपाशी संपत नाही. आपल्याकडे पत्र घरातले कुणीही उघडते, आणि ज्याला वाचता येत नाही तो ते दुसऱ्याकडून वाचून घेतो. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ चा, मानसिक आरोग्यसेवा कायदाही त्याच वर्षीचा; दोन्ही कायद्यांनी रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेला संरक्षण दिले आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. कायद्याचा धाक नसता तरी संवेदनशील विभागांच्या पत्रात आजाराचे नाव लिहू नये, पाकिटावर विभागाचे नाव छापू नये, आणि 'पुढील तपासणीसाठी या' एवढ्यावर थांबावे. उघडे पोस्टकार्ड आरोग्याच्या कोणत्याही पत्रासाठी वापरू नये.

मजकुराचा क्रमही ठरलेला असावा. का बोलावले, कधी यायचे, कुठे यायचे, काय आणायचे, जमत नसेल तर कुणाला कळवायचे. संस्थेचा परिचय, उद्दिष्टे आणि आभार यांनी अर्धे पान भरलेली पत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांत तारीख शोधावी लागते.

रिकामा रकाना आणि 'असेल तर'च्या अटी

साच्यात 'डॉ. ((डॉक्टर)) यांनी तुम्हाला बोलावले आहे' असे वाक्य आहे आणि डॉक्टरांचा रकाना रिकामा आहे. पत्रावर 'डॉ. यांनी तुम्हाला बोलावले आहे' असे उतरते. प्रत्येक रिकाम्या जागेबाबत ती भरलेली नसेल तर काय करायचे, हे आधी ठरवावे लागते. तारीख, ठिकाण किंवा नाव नसेल तर ते पत्र छापलेच जाऊ नये. ती ओळ वेगळ्या यादीत जाऊन माणसाच्या नजरेखाली यावी. डॉक्टरांचे नाव नसले तर सबंध वाक्य गाळून 'आमच्या बाह्यरुग्ण विभागाने तुम्हाला बोलावले आहे' असे पर्यायी वाक्य यावे.

साच्यात अटीही घालता येतात. रुग्ण अठरा वर्षांखालचा असेल तर पत्र पालकांच्या नावे जावे, रक्तशर्करेची चाचणी असेल तर उपाशीपोटी येण्याची सूचना यावी, वगैरे. ही सोय मोहात पाडणारी आहे आणि तिचा हिशेब क्वचितच कुणी करते. प्रत्येक अट होय किंवा नाही अशी दुहेरी असते, त्यामुळे पाच अटी घातल्या की एकाच साच्यातून ३२ प्रकारची पत्रे निघू शकतात, आणि ती सगळी कुणीतरी वाचून पाहायला हवीत. तेवढे वाचणार कोण? दोन-तीनहून अधिक अटी लागत असतील तर सरळ वेगळे साचे करावेत.

एसएमएस आणि व्हॉट्सॲप असताना कागद कशाला

आक्षेप रास्त आहे आणि आठवण देण्यासाठी संदेश नक्कीच वापरावा. पण त्याच्या मर्यादा समजून घ्याव्यात. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत एका संदेशात फक्त ७० जागा मिळतात, आणि प्रत्येक काना, मात्रा व हलन्त स्वतंत्र जागा घेतो. 'कोल्हापूर' या शब्दालाच ९ जागा लागतात. 'तुमची तपासणी ५ मे रोजी सकाळी १०:३० वाजता आहे.' एवढ्या वाक्यात ४५ जागा संपतात. उरलेल्या २५ मध्ये ठिकाण आणि दहा अंकी फोन नंबर बसवायचा असतो. शिवाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार असे संदेश पाठवण्यापूर्वी त्यांचा साचा नोंदवावा लागतो आणि त्यातल्या प्रत्येक बदलत्या जागेला मोजक्याच अक्षरांची मर्यादा असते. 'छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय' हे नावच २८ जागा घेते, त्यापुढे विभाग किंवा मजला लिहायला फारसे काही उरत नाही. अशी मोठी आणि न बदलणारी नावे रिकाम्या जागेत न घालता साच्याच्या कायमच्या मजकुरातच लिहून टाकावीत.

व्हॉट्सॲपला ही अडचण नाही, पण फोन मुलाकडे असतो, नंबर बदललेला असतो, संदेश शंभर शुभेच्छांखाली गाडला जातो. औषधांची यादी, आणायची कागदपत्रे आणि आशाताईंना दाखवायचा मजकूर यासाठी कागदच हवा.

इंग्रजी साच्याचे भाषांतर यंत्राकडून करून घेतले तर

वर सांगितलेल्या प्रत्ययांच्या अडचणी त्यात जशाच्या तशा येतात, कारण यंत्राला वाक्य दिसते, पण रिकाम्या जागेत उद्या काय पडणार आहे हे दिसत नाही. त्याहून गंभीर प्रश्न सूचनांचा आहे. रक्तशर्करेच्या चाचणीसाठी 'उपवास करून या' असे पत्र गेले, तर आपल्याकडचा माणूस साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू खाऊन येतो, आणि त्याने सूचना तंतोतंत पाळलेली असते. तिथे 'चाचणीआधी आठ तास काहीही खाऊ नका, चहा-दूधही नको, साधे पाणी चालेल' असेच लिहावे लागते. अशी वाक्ये बाह्यरुग्ण विभागात रोज रुग्णांशी बोलणाऱ्या परिचारिकांकडून घ्यावीत. त्या ती रोज तोंडाने सांगतच असतात.

ब्रिटनमध्ये 'रॉयल कॉलेज' म्हणवल्या जाणाऱ्या डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांच्या अकादमीने २०१८ मध्ये डॉक्टरांना असे मार्गदर्शन केले की बाह्यरुग्ण तपासणीनंतरचे पत्र दुसऱ्या डॉक्टरला उद्देशून न लिहिता थेट रुग्णाला उद्देशून लिहावे. आपल्याकडेही साचा मंजूर करणाऱ्या समितीत एक जण डॉक्टर नसलेला, आणि शक्य तर खेड्यातून आलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

छापण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर

साच्याची परीक्षा सरळसोट नमुन्यावर करू नये. चाचणीसाठी मुद्दाम अवघड ओळींचा तक्ता करून ठेवावा. सर्वांत लांब नाव, एकाच शब्दाचे नाव, सात ओळींचा पत्ता, पन्हाळा आणि आजरा ही गावे, मे महिन्यातली तारीख, एक गोळी, अठरा वर्षांखालचा रुग्ण, डॉक्टरांचा रिकामा रकाना. साच्यात एखादा स्वल्पविराम बदलला तरी हा तक्ता पुन्हा चालवावा आणि निघालेली पत्रे कागदावर छापून, दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. मंजूर झालेल्या साच्याला क्रमांक आणि तारीख देऊन ती पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापावी, म्हणजे रुग्ण तक्रार घेऊन आला की कोणता साचा वापरला होता ते लगेच कळते.

पत्र दोन पानी असेल तर एकाचे दुसरे पान दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची भीती असते. शक्यतो एकच पान ठेवावे. जमत नसेल तर दोन्ही पानांवर तोच नोंदणी क्रमांक आणि '२ पैकी १' असा पानक्रमांक यावा. गठ्ठा बाहेर पडण्याआधी तक्त्यातल्या ओळी, छापलेली पत्रे, अडवलेली पत्रे आणि भरलेली पाकिटे यांचा मेळ बसलाच पाहिजे. पत्र निघण्याची तारीख आणि तपासणीची तारीख यांत भरपूर अंतर ठेवावे, विशेषतः पावसाळ्यात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांतल्या कित्येक गावांचे रस्ते बंद होते. अशा दिवसांत तारीख पडलेल्या रुग्णांची ओळ गावानुसार वेगळी काढून त्यांना नवी तारीख देता यायला हवी, आणि त्यासाठी गावाचा रकाना स्वतंत्र असावा लागतो.

काही पाकिटे परत येतात. त्यांच्यावर 'पत्ता अपूर्ण', 'घर बंद', 'सोडून गेले' असे शेरे असतात आणि बहुतेक ठिकाणी ती पाकिटे कपाटात जमा होतात. प्रत्येक शेरा तक्त्यात नोंदवावा. 'मयत' असा शेरा असेल तर त्या ओळीवर त्याच दिवशी थांबवण्याची खूण करावी, कारण आठवणपत्रांची पुढची मेल मर्ज ठरलेल्या दिवशी आपोआप सुरू होते आणि त्या घरी वारलेल्या माणसाच्या नावे आणखी एक बोलावणे जाते.